फर्लोची फाइल पुन्हा उघडताना: एकट्याच्या लिमिटेड कंपनीसाठी पायरीपायरीने

ब्रिटनमध्ये स्वतःची लिमिटेड कंपनी काढून कॉन्ट्रॅक्टिंग करणाऱ्या बहुतेकांच्या लॅपटॉपवर ‘फर्लो’ नावाचा एक फोल्डर असतो. (फर्लो म्हणजे कोविडच्या काळात काम थांबलेल्या कर्मचाऱ्याला नोकरीवर ठेवून सरकारी अनुदानातून पगाराचा काही भाग देणं.) तो शेवटचा कधी उघडला हे कुणालाच आठवत नाही. कंपनी बंद करताना, अकाउंटंट बदलताना किंवा एचएमआरसीचं (ब्रिटनच्या कर खात्याचं) तपकिरी पाकीट दारात पडलं की मग धूळ झटकली जाते. मी कंपनी गुंडाळायला काढली तेव्हा माझा उघडला. आत पेस्लिपा होत्या, बँकेची स्टेटमेंटं होती, ‘फर्लो_फायनल_खरंफायनल’ नावाची एक एक्सेल शीट होती. नव्हता तो मला फर्लोवर ठेवण्याचा कंपनीचा ठराव. दोन संध्याकाळी शोधल्यावर तो बायकोच्या ईमेलमध्ये सापडला, कारण कंपनीची सेक्रेटरी म्हणून तो मी तिला पाठवला होता.

एकट्याच्या कंपनीत फर्लो देणाराही आपणच आणि घेणाराही आपणच. मोठ्या कंपनीत एचआर असतं, मॅनेजर असतो, ‘हा माणूस तीन महिने कामावर नव्हता’ असं सांगणारे दहा जण असतात. आपल्याकडे साक्षीदार एकच, तो म्हणजे कागद. म्हणून दावा ज्या क्रमाने झाला त्याच क्रमाने फाइल तपासायची. प्रत्येक पायरीवर नियम काय होता, आपण काय केलं आणि पुरावा कुठे आहे, हे तीनच प्रश्न.

थोडी उजळणी. २० मार्च २०२० रोजी त्या वेळचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी कोरोना व्हायरस जॉब रिटेन्शन स्कीम जाहीर केली. ती १ मार्चपासून मागे जाऊन लागू झाली, दाव्याचं पोर्टल २० एप्रिलला उघडलं आणि योजना ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. सुरुवातीला पगाराच्या ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड. इथे ‘पगार’ म्हणजे पेरोलवरचा पगार. डिव्हिडंड (मालक म्हणून नफ्यातून घेतलेला वाटा) नाही. वर्षाला ८,६३२ पौंड पगार आणि बाकी सगळं डिव्हिडंड अशी ज्यांची मांडणी होती (म्हणजे आपण जवळपास सगळेच), त्यांच्या हाती महिन्याला पावणेसहाशे पौंड आले. स्वयंरोजगारवाल्यांची वेगळी योजना होती, तिच्यात लिमिटेड कंपनीच्या डायरेक्टरला जागा नव्हती. त्या वेळी याबद्दल खूप आदळआपट झाली, पण नियम बदलला नाही.

पहिली पायरी: १९ मार्चची रेषा

२०२० च्या ऑक्टोबरपर्यंतच्या दाव्यांसाठी पात्रता एका तारखेवर टांगलेली होती. २०१९-२० या कर-वर्षातला पगार दिल्याची आरटीआय नोंद (पगार देताना कर खात्याला ऑनलाइन पाठवायची माहिती) १९ मार्च २०२० ला किंवा त्याआधी एचएमआरसीकडे पोचलेली हवी. आधी ही तारीख २८ फेब्रुवारी होती, १५ एप्रिलला बदलली. पेरोल सॉफ्टवेअरमध्ये जा, फुल पेमेंट सबमिशनची (हीच ती आरटीआय नोंद) यादी काढा आणि पाठवल्याची तारीख बघा. पेस्लिपवरची नव्हे, सबमिशनची. पावती पीडीएफ करून ठेवा.

मासिक पगारवाल्यांना यात अडचण नव्हती. फसले ते वार्षिक पेरोलवाले. अकाउंटंटची फी वाचावी म्हणून वर्षाचा सगळा पगार मार्चअखेरीस एकदाच दाखवायची पद्धत बरीच होती. माझ्या एका मित्राचं सबमिशन दरवर्षीप्रमाणे ३० मार्चला गेलं. कंपनी सहा वर्षं जुनी, कर वेळेवर भरलेला, आणि अकरा दिवसांच्या फरकाने शून्य पौंड. वार्षिक पेरोल असूनही ज्यांनी तो पगार १९ मार्चच्या आत दाखवला होता, ते मात्र पात्र होते.

त्या मित्राला जे उशिरा कळलं ते इथे सांगून ठेवतो. १ नोव्हेंबर २०२० पासून रेषा सरकली. २० मार्च ते ३० ऑक्टोबर २०२० मधली आरटीआय नोंद चालू लागली आणि आधी फर्लोवर असण्याची अटही गेली. मे २०२१ पासून रेषा २ मार्च २०२१ पर्यंत आली. त्यामुळे तुमचा दावा नोव्हेंबरनंतरचा असेल, तर १९ मार्चची नोंद सापडत नाही म्हणून घाबरू नका. आधी दाव्याचा महिना बघा, मग त्या महिन्याचा नियम लावा.

आपल्या लोकांमध्ये एक भीती फार होती: ‘व्हिसावर नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स लिहिलंय, फर्लो घेतला तर आयएलआर अडकेल.’ म्हणजे सरकारी मदत घ्यायला मनाई आहे, ती घेतली तर कायम राहण्याची परवानगी मिळणार नाही. डिपेंडंट व्हिसावर असलेल्या आणि स्वतःची कंपनी चालवणाऱ्या दोन मैत्रिणींनी याच भीतीने दावा केला नाही. एचएमआरसीच्या मार्गदर्शनात स्पष्ट होतं की कुठल्याही व्हिसावरच्या कर्मचाऱ्याला फर्लो देता येतो आणि हे अनुदान ‘पब्लिक फंड्स’मध्ये मोजलं जात नाही. दावा केला असेल तर त्या बाबतीत निर्धास्त राहा.

अम्ब्रेला कंपनीतून (कॉन्ट्रॅक्टरला स्वतःच्या पगारावर घेणाऱ्या मध्यस्थ कंपनीतून) काम करत होतात तर एम्प्लॉयर अम्ब्रेला, दावा त्यांचा, हा लेख तुमच्यासाठी नाही. सरकारी क्षेत्रात आयआर३५ च्या आत (म्हणजे करासाठी कॉन्ट्रॅक्टरला नोकरदारासारखं धरणाऱ्या नियमाखाली) असलेल्या कॉन्ट्रॅक्टसाठीही फर्लो द्यायचा तो फी देणाऱ्या एजन्सीने किंवा क्लायंटने. तेच काम दाखवून स्वतःच्या कंपनीतूनही दावा केला असेल तर तो भाग वेगळा काढा आणि अकाउंटंटला दाखवा.

दुसरी पायरी: ठराव आणि पत्र

डायरेक्टरला फर्लोवर ठेवायचं तर निर्णय कंपनीने रीतसर घ्यायचा, कंपनीच्या दप्तरी नोंदवायचा आणि डायरेक्टरला लेखी कळवायचा, असं मार्गदर्शनात होतं. म्हणजे दोन कागद. एक ठराव, एक पत्र. स्वतःच स्वतःला ‘आपणांस कळविण्यात येते की’ असं पत्र लिहिताना मला हसू आलं होतं. आज त्या पत्राइतकं मोलाचं त्या फोल्डरमध्ये काही नाही.

पत्रात काय हवं? फर्लो कधीपासून सुरू, त्या काळात कंपनीसाठी उत्पन्न मिळवणारं किंवा सेवा देणारं कुठलंही काम करायचं नाही हे वाक्य, पगार किती मिळणार (८० टक्केच की कंपनी वर भर घालणार), आणि कर्मचारी म्हणून तुमची संमती. ३० जून २०२० पर्यंत सलग किमान तीन आठवड्यांची अट होती, त्यामुळे सुरुवातीची तारीख महत्त्वाची. ती तारीख आणि शेवटच्या टाइमशीटची तारीख शेजारी ठेवून बघा. टाइमशीट २७ मार्चपर्यंतची आणि फर्लो २३ मार्चपासून असं निघालं, तर ते पाच दिवस चुकीचे मागितले आहेत.

कागद सापडतच नसेल तर? आज बसून जुन्या तारखेचा ठराव तयार करू नका. मोह होतो, टेम्प्लेटही मिळतं, पण फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये खरी तारीख असते आणि एका साध्या चुकीचं रूपांतर बनावट कागदात होतं. त्याऐवजी त्या काळातल्या ईमेल शोधा. अकाउंटंटला ‘मी अमुक तारखेपासून फर्लोवर जातोय’ असं लिहिलेलं असतं, एजन्सीची कॉन्ट्रॅक्ट थांबवल्याची मेल असते, कधी बायकोला किंवा नवऱ्याला केलेला मेसेज असतो. ते सगळं एकत्र करून आजच्या तारखेची, आजच्या सहीची एक टिपण लिहा: कधी काय ठरलं आणि त्याचा पुरावा कुठे आहे.

तिसरी पायरी: काम खरंच थांबलं होतं का

इथे जास्त वेळ द्या, कारण प्रश्न आले तर इथेच येतात.

फर्लोवरच्या डायरेक्टरला कायद्याने बंधनकारक कर्तव्यं पार पाडायची मुभा होती, पण गरजेपुरतीच. ट्रेझरीच्या (अर्थखात्याच्या) निर्देशाची भाषा मार्गदर्शनापेक्षा घट्ट होती. कंपनीचे हिशेब दाखल करणं आणि कंपनीच्या कारभाराची कायद्याने लागणारी माहिती देणं एवढाच त्याचा रोख होता. पगार देणं आणि फर्लोचाच दावा करणं नंतर त्यात स्पष्टपणे आलं. कंपनीज हाउसला (कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाला) कन्फर्मेशन स्टेटमेंट, म्हणजे कंपनीची माहिती बरोबर असल्याचं वार्षिक निवेदन, भरलं, आरटीआय पाठवलं, तर ठीक. क्लायंटच्या जुन्या कोडमधली एक छोटी चूक ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणून सुधारून दिली, तर नाही. पैसे घेतले नाहीत, तरीही नाही, कारण कंपनीच्या वतीने सेवा दिली गेली.

मधला प्रदेश करडा होता. मार्चमधल्या कामाचं इन्व्हॉइस एप्रिलमध्ये पाठवणं चालेल का, यावर त्या वेळी अकाउंटंट लोकांतही एकमत नव्हतं. मी फर्लोच्या आदल्या रात्री साडेअकराला बसून टाइमशीट टाकली, इन्व्हॉइस पाठवलं, मगच लॅपटॉप बंद केला. नंतर पैसे खात्यात आले ते आपोआप. तुमचं इन्व्हॉइस फर्लो सुरू झाल्यावर गेलं असेल तर त्यावर कामाच्या तारखा स्पष्ट आहेत का बघा. आधीचं काम असल्याचं दिसलं तर तुम्ही बऱ्यापैकी भक्कम आहात असं माझं मत.

नवं काम शोधणं? नोकरीसाठी स्वतःचा सीव्ही पाठवणं म्हणजे माणूस नोकरी शोधतोय. ‘माझी कंपनी अमुक सेवा देते, रेट इतका’ असं एजंटला लिहिणं म्हणजे कंपनीचा धंदा शोधणं. व्यवहारात दोन्हीतली रेघ एका ईमेलच्या मजकुरावर असते. म्हणून त्या महिन्यांतल्या एजंटशी झालेल्या ईमेल एकदा वाचा. फर्लो संपायच्या आधीच्या तारखेला रेटवर घासाघीस दिसली, तर तो भाग खुणा करून ठेवा.

ज्यात अडचण नव्हती तेही सांगतो. ऑनलाइन कोर्स करणं चालत होतं, प्रशिक्षणाला मुभा होती, फक्त त्यातून कंपनीला सेवा किंवा कमाई मिळायला नको. दुसऱ्या एम्प्लॉयरकडे काम करणंही चालत होतं. आमच्या ओळखीतला एक टेस्टर फर्लोवर असताना रात्रपाळीला सुपरमार्केटच्या गोदामात जायचा, अगदी नियमात. कंपनीत जुना नफा शिल्लक असेल तर त्यातून डिव्हिडंड घेणंही काम ठरत नाही.

जोडीदार पेरोलवर असेल तर त्याचा वेगळा विचार करा. दोघांनाही फर्लो, आणि त्याच काळात बुककीपिंग कुणी केलं? ‘अकाउंटंटने’ हे उत्तर असेल तर त्याची बिलं जोडा. जोडीदार फर्लोवर नसेल तर कंपनीचं कारकुनी काम तो करू शकत होता, आणि ते सगळ्यात सोपं उत्तर आहे.

चौथी पायरी: आकडा पुन्हा काढा

ठरावीक पगारवाल्यासाठी आधार म्हणजे १९ मार्च २०२० ला किंवा त्याआधी संपलेल्या शेवटच्या पगार-कालावधीचा पगार. बहुतेक मासिक पेरोलवाल्यांसाठी तो फेब्रुवारी २०२०.

इथली नेहमीची चूक अशी. एप्रिल २०२० मध्ये नवं कर-वर्ष लागलं, नॅशनल इन्शुरन्सची (पगारावरच्या सामाजिक सुरक्षेच्या हप्त्याची) मर्यादा वाढली आणि अकाउंटंटने सवयीने पगार महिन्याला ७१९ वरून ७३२ किंवा ७९१ पौंड केला. मग फर्लोही नव्या आकड्याच्या ८० टक्के काढला गेला. तो चूक. आधार ७१९ चाच.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. पगार ७१९ पौंड, फर्लो २३ मार्चपासून. मार्चचे ३१ दिवस, फर्लोचे ९. ७१९ भागिले ३१ गुणिले ९ म्हणजे २०८.७४, त्याचे ८० टक्के १६६.९९ पौंड. एप्रिल पूर्ण महिना, ७१९ चे ८० टक्के ५७५.२० पौंड. पगार वर्षाला १२,५०० ठेवणाऱ्यांचा आकडा महिन्याला ८३३.३३ च्या आसपास. यापेक्षा पाच-दहा पेन्सचा फरक राउंडिंगचा असतो, त्यावर झोप घालवू नका.

एम्प्लॉयरचा नॅशनल इन्शुरन्स आणि किमान पेन्शन हिस्सा जुलै २०२० अखेरपर्यंत मागता येत होता. आपल्या पगाराच्या पातळीवर हा आकडा बहुधा शून्य. दाव्यात तिथे काही रक्कम दिसली तर थांबून बघा.

ऑगस्ट २०२० पासून हा हिस्सा बंद. सप्टेंबरमध्ये सरकारचे ७० टक्के आणि ऑक्टोबरमध्ये ६०, उरलेले १० आणि २० टक्के कंपनीने घालायचे. ७१९ वाल्यासाठी सप्टेंबरला सरकारकडून ५०३.३० आणि कंपनीकडून ७१.९०, ऑक्टोबरला ४३१.४० आणि १४३.८०. कंपनी म्हणजे तुम्हीच, पण तो पैसाही पेरोलमधून पगार म्हणून गेलेला हवा. नोव्हेंबर २०२० पासून पुन्हा ८० टक्के आले ते जून २०२१ पर्यंत, मग जुलैला ७० आणि शेवटचे दोन महिने ६०.

पाचवी पायरी: अर्धवेळ काम सुरू केलं असेल तर

१ जुलै २०२० पासून काही तास काम आणि उरलेल्या तासांचा फर्लो असं करता येऊ लागलं. त्यासाठी पुन्हा लेखी करार हवा आणि तासांची नोंद हवी. बऱ्याच फाइली इथे उघड्या पडतात, कारण कॉन्ट्रॅक्टर दिवस मोजतो, तास नाही.

समजा आठवड्याला ३७.५ तास नेहमीचे, आणि ऑगस्ट २०२० मध्ये एका क्लायंटचं ६० तास काम केलं. ३७.५ भागिले ७ गुणिले ३१ म्हणजे १६६.०७, नियमाप्रमाणे पुढच्या पूर्ण आकड्याला, १६७. फर्लोचे तास १०७. ५७५.२० गुणिले १०७ भागिले १६७ म्हणजे ३६८.५४ पौंडांचा दावा. ६० तासांचा पूर्ण पगार, २५८.३२ पौंड, कंपनीचा. आता क्लायंटला गेलेलं ऑगस्टचं इन्व्हॉइस काढा. त्यावरच्या दिवसांचे तास ६० शी जुळतात का? आठ दिवसांचं बिल म्हणजे साडेसातच्या हिशेबाने ६० तास, जुळलं. दहा दिवसांचं बिल निघालं तर दावा जास्तीचा आहे.

सहावी पायरी: पोर्टल, बँक, पेस्लिप

दावा गव्हर्नमेंट गेटवेमधून (सरकारी ऑनलाइन लॉगिनमधून) जायचा, पैसे सहा कामकाजाच्या दिवसांत कंपनीच्या खात्यात. पोर्टलवर शेवटी एक क्लेम रेफरन्स दिसायचा आणि तो लिहून घ्या असं सांगितलेलं असायचं, कारण त्याची ईमेल किंवा एसएमएस येणार नव्हता. तो तुमच्याकडे आहे का?

मग एका कागदावर तीन रकाने आखा. दाव्याची रक्कम, खात्यात आलेली रक्कम, पगार म्हणून दिलेली रक्कम. महिन्यामागून महिना भरा. अनुदानाची सगळी रक्कम कर्मचाऱ्याला पगार म्हणून मिळायला हवी होती. कर कापून, पण पूर्ण. ती कंपनीच्या खात्यात ठेवून लॅपटॉप घेतला, किंवा ‘डायरेक्टर्स लोन’मध्ये (डायरेक्टर आणि कंपनी यांच्यातल्या उसनवारीच्या खात्यात) वळती केली, तर तो दावा टिकत नाही. आरटीआयमध्ये तोच आकडा गेला आहे ना तेही बघा. डिसेंबर २०२० पासूनच्या दाव्यांमधल्या एम्प्लॉयरांची नावं एचएमआरसीने जाहीर केली होती. त्यामुळे एकट्याची कंपनी असली तरी दाव्याची बातमी फक्त तुमच्या घरात आहे असं समजू नका.

सातवी पायरी: हिशेबात कुठे बसवलं

अनुदान कंपनीचं करपात्र उत्पन्न, पगार कंपनीचा खर्च. दोन्ही वेगवेगळे दाखवायचे. पगारातून अनुदान वजा करून निव्वळ शून्य लिहिलेलं असेल तर कराचा आकडा बदलत नाही, पण कॉर्पोरेशन टॅक्सच्या सीटी६०० या रिटर्नमध्ये या अनुदानाच्या वेगळ्या चौकटी आहेत आणि त्या रिकाम्या राहिल्या असण्याची शक्यता वाढते. व्हॅट लागत नाही. फ्लॅट रेट स्कीमवर (उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने व्हॅट भरायच्या पद्धतीवर) असाल तर उलाढालीतही धरायचं नाही. माझ्या पहिल्या तिमाहीत सॉफ्टवेअरने ते चुपचाप धरलं होतं आणि मी सरकारच्या मदतीवर सरकारलाच व्हॅट भरला होता. अकाउंटंटने पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्त केलं.

चूक सापडली तर

जास्तीचा पैसा घेतल्याचं दिसलं तर स्वतःहून कळवा. फायनान्स ॲक्ट २०२० नुसार जास्तीच्या रकमेवर १०० टक्के कर, म्हणजे सगळी परत. कळवायची मुदत ९० दिवसांची होती आणि सुरुवातीच्या दाव्यांसाठी २० ऑक्टोबर २०२०. ती गेली म्हणून गप्प बसणं शहाणपणाचं नाही. अपात्र आहोत हे माहीत असून घेतलं आणि कळवलं नाही, तर कायदा ते जाणूनबुजून आणि लपवून केलेलं धरतो आणि दंड त्या रकमेइतका वर जाऊ शकतो. एचएमआरसीने विचारण्याआधी सांगितलं तर दंडात सवलत मिळते. रक्कम थोडी असेल तर अकाउंटंटच्या फीपेक्षा ती भरून टाकणं स्वस्त पडतं. परतफेडीसाठी एचएमआरसीकडून X या रोमन अक्षराने सुरू होणारा रेफरन्स घ्यायचा आणि त्यावरच पैसे भरायचे. नेहमीच्या पेयीई (पगारातून कर कापून भरण्याच्या) रेफरन्सवर भरलेत तर ते दुसऱ्याच खात्यात जाऊन बसतात आणि मग फोनवर तास जातात.

कंपनी बंद करताय? फर्लोचा लेखी करार पाच वर्षं आणि दाव्याचे आकडे, गणित, तासांच्या नोंदी सहा वर्षं ठेवायच्या आहेत. सप्टेंबर २०२१ चा शेवटचा दावा धरला तर २०२७ च्या शरदापर्यंत. कंपनी नाहीशी झाली म्हणून कागद ठेवायचं बंधन जात नाही. आणि डीएस०१ (कंपनी बंद करण्याचा अर्ज) भरण्याआधी, पेरोल सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन तोडण्याआधी, पेयीई स्कीम बंद करण्याआधी सगळ्या पेस्लिपा, आरटीआयच्या पावत्या आणि क्लेम रेफरन्स उतरवून घ्या. मी सबस्क्रिप्शन आधी तोडलं आणि त्या पावत्यांसाठी एका महिन्याचे पैसे पुन्हा भरून लॉगिन चालू करून घेतलं.